गिरणगावाचं म्हातारपण कुणी पोसलं?

एकत्र कुटुंब होतं तोवर म्हाताऱ्या माणसांची काळजी विनासायास घेतली जात होती, ते मोडलं आणि वृद्धांचा प्रश्न उभा राहिला, असं आपल्याकडे सर्रास मांडलं जातं. मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, तिथपासून १९८२ च्या संपापर्यंतच्या सव्वाशे वर्षांत लाखो कामगार थकून गिरणीबाहेर पडले. त्यांचं म्हातारपण निभावलं हे खरं, पण विनासायास नाही. त्यामागे पैसा, जमीन आणि श्रम यांची विचारपूर्वक घातलेली घडी होती. तिचा मोठा भार गावानं, त्यातही गावातल्या बायकांनी उचलला आणि गिरणीच्या जमाखर्चात तो कधी दिसला नाही.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईतली पाचांपैकी चारांहून अधिक माणसं शहराबाहेर जन्मलेली होती आणि हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे होत्या. म्हणजे कमावता गडी परळ-लालबागच्या खोलीत आणि बायको, मुलं, आईबाप रत्नागिरी किंवा साताऱ्याकडे. या दुभंगलेल्या संसाराकडे केवळ गरिबीचं लक्षण म्हणून पाहिलं, तर त्यातली योजना नजरेआड होते. दरमहाच्या मनीऑर्डरीतून शेतसारा भरला जाई, सावकाराचं व्याज फिटे, घराचं छप्पर शाकारलं जाई, आणि त्याबरोबरच पुढे हातपाय थकल्यावर त्या घरात व जमिनीत कामगाराचा वाटा शाबूत राही. लावणी-कापणीला, गणपतीला, शिमग्याला गावी जाणाऱ्या कामगारांच्या गैरहजेरीबद्दल मालक कायम तक्रार करत. पण ज्या गावात म्हातारपण काढायचं, तिथलं नातं जागतं ठेवण्यासाठी ती वारी म्हणजे विम्याचा हप्ताच होता. निरक्षर माणसानं विशीत सुरू केलेलं हे उतारवयाचं नियोजन होतं, आणि ते अतिशय नेटकं होतं.

हे सरकारलाही कळत होतं. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशननं १९३१ च्या अहवालात कामगाराचं गावाशी असलेलं नातं जपण्यासारखं मानलं, कारण कमाई थांबली किंवा घटली तर गाव त्याला आधार देत असे. निरीक्षण अचूक होतं. त्याचा परिणाम मात्र कामगारांना महागात पडला. गाव सांभाळतंच आहे, असं एकदा गृहीत धरलं की म्हातारपणाची तरतूद मजुरीत धरण्याची निकड उरत नाही. कोकणातल्या तुटपुंज्या भातशेतीनं आणि तिच्यात राबणाऱ्या सुना-बायकांनी गिरणीचा मजुरीचा खर्च कमी ठेवला, असं मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

यावर कुणी म्हणेल की स्वातंत्र्यानंतर कायदे आले आणि हे चित्र पालटलं. कायदे आले, आणि त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात सुरुवातीच्या सहा उद्योगांत कापड उद्योग होता. कामगाराकडून सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा, आणि तेवढेच मालकाकडून असा फंड साठू लागला. १९७२ मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. पण हे दोन्ही पैसे हिशेब घेताना एकरकमी हाती येत आणि मुलीचं लग्न, जुनं कर्ज, पडकी भिंत यांत ते संपायला वेळ लागत नसे. निवृत्त कामगाराला दरमहा पेन्शन देणारी योजना आली ती १९९५ च्या नोव्हेंबरात, आणि तोवर कित्येक गिरण्यांची धुराडी थंड झाली होती. त्या योजनेत किमान पेन्शन महिना हजार रुपये ठरायला २०१४ उजाडलं. कायम नोकरी नसलेल्या बदली कामगाराचा फंड तर रोज गिरणीच्या दारात उभं राहून काम मिळेल तेवढाच भरे. आरोग्याची कथाही अशीच आहे. राज्य विमा योजना मुंबईत १९५४ मध्ये सुरू झाली, पण तिचे दवाखाने औद्योगिक शहरांत. कापसाच्या धुळीनं जडलेला दमा आणि खोकला घेऊन माणूस गावी परतला की औषधपाणी पुन्हा घरच्यांच्याच अंगावर पडे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आईबापांना सांभाळण्यात माया होती, कर्तव्य होतं, त्याचा असा हिशेब मांडणं कोरडं नाही का? माया होतीच, ती नाकारायचं कारण नाही. पण मायेला अंथरूण लागतं, भात लागतो, रात्री उठून पाणी देणारं माणूस लागतं. हे सारं कुणाच्या कष्टातून आलं हे विचारल्यानं माया उणी होत नाही, उलट ते कष्ट करणाऱ्या माणसाची नोंद होते. आणि ज्यांना परतायला गावच नव्हतं, त्यांच्यापाशी आलं की ही घडी किती अपुरी होती ते दिसतं. १९२० च्या दशकात गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. सासरच्या जमिनीत ज्यांना वाटा नव्हता, त्यांनी कोणत्या गावी थकून जायचं? पुढच्या दशकांत गिरणीतली बायकांची कामं घटत गेली. गिरणगावात कितीतरी बायका आधीपासून खानावळी चालवत होत्या, एकट्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोवर त्यांची भिस्त सावकारावर होती. १९८२ च्या संपात गिऱ्हाईकच गावी गेलं, तेव्हा त्यांची चूलही अडली. गिरणीच्या हजेरीपटावर नाव असलेल्याचा फंड होता. त्याला जेवू घालणाऱ्या बाईचा नव्हता, आणि निराधार वृद्धांसाठी १९९५ मध्ये केंद्रानं सुरू केलेल्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा होता महिना ७५ रुपये.