गळवाचा निचरा : एका शस्त्रकर्माचा इतिहास

गळू ठाऊक नाही असे घर विरळा. कोणाला गळू झाले की जवसाचे पोटीस, भाजलेला कांदा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले यांची घरात गर्दी उडते. शेकाने ठणका कमी होतो व लहानसे गळू पुष्कळदा आपोआप फुटतेही. परंतु मोठ्या गळवात साचलेल्या पुवाला वाट करून दिल्यावाचून गत्यंतर नसते. या साध्या सत्याचे शास्त्र कसे बनले, ते पाहण्याजोगे आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात या विषयाला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. सूज आम, पच्यमान की पक्व हे वैद्याने प्रथम ओळखावे, असा तेथील दंडक आहे. ठणका उतरणे, त्वचेला सुरकुत्या पडणे, बोटाने दाबता खळगा पडून तो पुन्हा भरून येणे, ही पक्वतेची लक्षणे होत. कच्ची सूज चिरल्यास वेदना व रक्तस्राव वाढतो. पिकलेली तशीच ठेवल्यास पू खोल शिरून नाडीव्रण होतो. चिरा दिल्यावर पू काढून, काढ्याने व्रण धुऊन, तिळाचा कल्क, मध व तूप माखलेली वात आत ठेवण्यास सांगितले आहे.

युरोपात शासेन्याक या फ्रेंच शल्यविशारदाने 1859 साली ग्रंथ लिहून रबरी नळीने पुवाचा निचरा करण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. पुढे 1867 मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखम निर्जंतुक राखण्याची रीत प्रसिद्ध केली. सप्टेंबर 1871 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काखेत मोठे गळू झाले, तेव्हा लिस्टर यांना बाल्मोरल येथे पाचारण करण्यात आले. क्लोरोफॉर्म देऊन, कार्बोलिकचा फवारा चालू ठेवून त्यांनी चिरा दिला. परंतु दुसऱ्या दिवशी पाहतात तो पू नीट वाहत नव्हता. तेव्हा त्यांनी फवाऱ्याच्याच यंत्राची रबरी नळी कापली, रात्रभर कार्बोलिकमध्ये बुडवून ठेवली व व्रणात बसविली. निचरा सुरू झाला आणि राणी बरी झाली. नुसता चिरा देऊन भागत नाही, वाट मोकळी राहिली पाहिजे, हा धडा राजवाड्यातही चुकला नाही.

पू मुळात होतो कशाने, हे कोडे ॲबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी उकलले. गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांनी त्यातील जंतू 1880 मध्ये विद्वानांपुढे मांडले. द्राक्षांच्या घडासारख्या त्यांच्या रचनेवरून 1882 मध्ये त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले.

विसाव्या शतकात पेनिसिलिन आले, तेव्हा आता शस्त्राचे काम संपले असे कित्येकांस वाटले असेल. तसे झाले नाही. गळवाभोवती शरीर एक भिंत उभारते. आतील पुवात रक्तवाहिन्या नसल्याने औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. म्हणून आजही मोठ्या गळवाचा मुख्य उपचार निचरा हाच होय. पोटातील खोल गळवे आता सोनोग्राफीच्या साह्याने सुई किंवा नळी घालून रिकामी करता येतात.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती की, गळू दाबू नये, घरची सुई टोचू नये. ताप आला, लाली पसरू लागली, गळू चेहऱ्यावर असले अथवा रोग्यास मधुमेह असला, तर पोटिसावर दिवस न दवडता डॉक्टरांकडे जावे. चिऱ्याची वेदना घटकाभराची. कोंडलेल्या पुवाचा धोका मात्र प्राणाशी गाठ घालणारा असतो.