हिशेबनिसाची साधना

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचें नांव महाराष्ट्रांत बहुतेकांस ठाऊक असतें. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनीं नोव्हेंबर १८८५ मध्यें मंडालेहून पदच्युत करून नेलें. १८८६ सालीं तो रत्नागिरीस आला आणि १९१६ सालीं तेथेंच वारला. राजघराण्याचा हा अंत जगाच्या डोळ्यांसमोर घडला. परंतु त्याच घटनेचा दुसरा एक परिणाम ब्रह्मदेशांत गाजावाजा न होतां होत राहिला आणि ८४ वर्षांनीं तोही मुंबईस येऊन पोहोंचला. संसाराचा भार डोक्यावर असतां मध्यम वयाच्या गृहस्थाला मनाची साधना आरंभतां येते काय, या प्रश्नाचें उत्तर त्या परिणामांत सांपडतें.

ब्रह्मदेशांत राजा हा धर्माचा रक्षक मानला जाई. राजाच गेल्यावर धर्म राखणार कोण, ही चिंता तेथील भिक्षूंना लागली. लेडी सयाडॉ (१८४६–१९२३) या विद्वान् भिक्षूंनीं असा विचार मांडला कीं, जें ज्ञान मठांत राहिलें तें आतां घरोघर गेलें पाहिजे. त्यांनीं सोप्या ब्रह्मी भाषेंत पुस्तकें लिहिलीं, गांवोगांव प्रवचनें केलीं आणि विपश्यनेची वाट गृहस्थांनाही मोकळी केली.

त्या वाटेनें आलेल्यांपैकीं एक होता रंगून नदीच्या दक्षिणेस प्यॉब्वेजी गांवीं राहाणारा एक शेतकरी. त्याचा जन्म १८७३ सालचा. तिशीच्या सुमारास गांवांत पटकीची साथ आली आणि त्याचीं मुलें तींत दगावलीं. त्या दु:खांत तो घराबाहेर पडला, लेडी सयाडॉंपाशीं वर्षानुवर्षें शिकला आणि पुन: आपल्या गांवीं परतला. १९१५ च्या सुमारास गुरूंनीं त्याला शिकविण्याची आज्ञा केली. मोठा विद्वान् नसलेला हा शेतकरी पुढें सया थेटजी या नांवानें आचार्य झाला आणि भिक्षुही त्याच्याकडे शिकूं लागले.

रंगूनच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरींत त्या वेळीं उ बा खिन नांवाचे एक गृहस्थ नोकरीस होते. त्यांचा जन्म ६ मार्च १८९९ चा. कारकुनीपासून आरंभ करून १९२६ सालीं ते हिशेब खात्याची परीक्षा उत्तीर्ण झाले होते. १ जानेवारी १९३७ रोजीं थेटजींचा एक विद्यार्थी त्यांस भेटला आणि श्वासावर चित्त ठेवण्याची रीत त्यानें समजावून सांगितली. बा खिन यांनीं ती लगेच करून पाहिली. चित्त एकाग्र होतें असा अनुभव येतांच आठवड्याभरांत कचेरी सोडून ते नदीपलीकडे प्यॉब्वेजीस गेले. थेटजींना मुलांच्या मृत्यूनें या वाटेवर आणलें. बा खिन यांना एक संभाषण पुरलें. वय ३७ वर्षांचें, मागें संसार, आणि समोर वाढत्या जबाबदारीची नोकरी. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला आणि त्यांना कचेरींत बढती मिळाली.

तेथें ते शिकले ती रीत सांगावयास सोपी आहे. पालींतील ‘सति’ म्हणजे संस्कृतांतील ‘स्मृति’. परंतु या साधनेंत तिचा अर्थ गतगोष्टींची आठवण असा नसून, या क्षणीं जें घडत आहे त्याचें भान असा आहे. प्रथम नाकपुड्यांशीं येणारा-जाणारा श्वास जाणावयाचा. तो लांबवावयाचा नाहीं, रोखावयाचा नाहीं. चित्त कांहींसें स्थिरावलें म्हणजे सर्व देहांतील संवेदना पाहावयाच्या: ऊब, खाज, ठणका, हुरहुर. सुखद संवेदनेला धरून ठेवावयाचें नाहीं, दु:खद संवेदनेला लोटावयाचें नाहीं. दोन्ही येतात आणि जातात एवढें ध्यानांत घ्यावयाचें. चांगला हिशेबनीस तोट्याची रक्कम खोडून काढीत नाहीं आणि नफ्याची फुगवीत नाहीं. जी असेल ती मांडतो. ही शिस्त बा खिन यांच्या हातांत आधींपासून होती. आतां ती मनाला लावावयाची होती.

४ जानेवारी १९४८ रोजीं ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशीं ते देशाचे अकाउंटंट जनरल झाले. एवढ्या मोठ्या अधिकाराच्या जागीं बसून त्यांनीं साधना आवरती घेतली नाहीं. १९५० सालीं त्यांनीं आपल्या कचेरींतच विपश्यना मंडळ स्थापिलें आणि १९५२ सालीं रंगूनमध्यें साधनेचें केंद्र उघडलें. एका वेळीं एकाहून अधिक खात्यांचा कारभार सांभाळून ते तेथें शिकवीत. सरकारी नोकरींतून ते १९६७ सालीं मुक्त झाले, म्हणजे साधना सुरू केल्यानंतर तब्बल तीस वर्षांनीं.

१९५५ सालीं या केंद्रांत सत्यनारायण गोएंका हे मंडाले येथें जन्मलेले ३१ वर्षांचे व्यापारी आले. अर्धशिशीनें ते हैराण झाले होते. परदेशच्या डॉक्टरांचेही उपाय हरले होते. बा खिन यांनीं त्यांस स्पष्ट बजावलें कीं, केवळ डोकेदुखीसाठीं यावयाचें असेल तर येऊं नये. मन शुद्ध करावयाचें असेल तरच यावें. गोएंका थांबले, विचार करून परत आले, आणि पुढें १४ वर्षें शिकत राहिले. १९६९ सालीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, ते हिंदुस्थानांत आले. ३ जुलै रोजीं मुंबईंत एका धर्मशाळेंत त्यांनीं पहिलें दहा दिवसांचें शिबिर घेतलें. तेथें बसणारांत त्यांचे वृद्ध आईवडीलही होते. १९७६ सालीं इगतपुरीस धम्मगिरि केंद्राचा आरंभ झाला.

आपल्या आश्रमव्यवस्थेनें निवृत्तीला आयुष्याचा उत्तरार्ध नेमून दिला, आणि त्यामुळें ‘आधीं संसार उरकूं, मग पाहूं’ असें म्हणण्याची सोय झाली. शेतकरी, हिशेबनीस आणि व्यापारी या तिघांनीं ती सोय घेतली नाहीं. शोक, कामाचा ताण, शरीराची पीडा हीं मध्यम वयाचीं ओझीं साधनेच्या आड आलीं नाहींत. पाहावयाचें होतें तें त्यांतच होतें. बा खिन दहा दिवस नदीपलीकडे राहून परतले, तेव्हां त्यांची कचेरी होती तशीच होती आणि टेबलावरच्या वह्याही त्याच होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या वह्यांसमोर बसतांनाच त्यांना आपला श्वास पाहावयाचा होता.