लाळेला अजून आकडा नाही

औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आयुष्य गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुणी मर्यादा सांगितली, की ती कुठून आली याची चौकशी केल्याशिवाय चैन पडत नाही. आम्ही राहतो त्या मिशिगनमध्ये पोलिसांनी रस्त्यावर चालकांची लाळ अमली पदार्थांसाठी तपासायला घेतली, तेव्हा हीच खोड मला दारूच्या इतिहासात घेऊन गेली.

इंडियाना विद्यापीठातले रोला हार्गर यांनी १९३१ साली 'ड्रंकोमीटर' तयार केला. संशयिताने फुग्यात फुंकायचं आणि ती हवा पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणातून सोडायची. आपल्याकडे विहिरीत टाकतात तेच हे परमँगनेट. श्वासात दारू असली की त्याचा जांभळा रंग उडतो. १९३८च्या थर्टी फर्स्टला इंडियानापोलिसच्या पोलिसांनी हा ड्रंकोमीटर कामाला लावला, आणि पुढच्याच वर्षी इंडियानाने रक्तातल्या दारूची ०.१५ टक्के ही मर्यादा कायद्यात घातली. १९५४मध्ये रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांचा सुटसुटीत 'ब्रेथलायझर' आला.

यंत्र हाती आलं, तरी किती प्यायल्यावर धोका नेमका किती वाढतो हे मोजायचं राहिलंच होतं. ते मोजलं गेलं आमच्याच ग्रँड रॅपिड्समध्ये, १९६२-६३ साली. बॉर्केनस्टाइन यांच्या पथकाने अपघातात सापडलेले सुमारे ६ हजार चालक तपासले. शिवाय पूर्वी जिथे अपघात झाले होते तिथे, त्याच वेळेला थांबून, सुखरूप चाललेले साडेसात हजारांवर चालकही तपासले. खरी मेख या दुसऱ्या गटात आहे. न धडकलेले किती जण प्यायलेले होते हे माहीत नसेल, तर धडकलेल्यांच्या आकड्याला अर्थ नाही. ०.०४ टक्क्यांच्या पुढे धोका वाढू लागतो आणि ०.०८ नंतर झपाट्याने चढतो, असं त्यातून दिसलं. आज अमेरिकेत जवळपास सगळीकडे ०.०८ ही मर्यादा आहे, तिच्यामागे ही मेहनत आहे.

अमली पदार्थांची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९७०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पोलिसांना असे चालक भेटू लागले, जे झिंगलेले दिसत पण श्वासात दारू नसे. त्यातून नाडी, रक्तदाब, बाहुल्या, स्नायूंचा ताण असं बारा पायऱ्यांनी तपासणारे खास प्रशिक्षित पोलीस तयार झाले. मिशिगनने २०१६च्या कायद्यान्वये लाळेची तपासणी याच पोलिसांच्या हाती दिली. एका अपघातात ठार झालेल्या स्विफ्ट दांपत्याचं नाव त्या कायद्याला आहे. नोव्हेंबर २०१७पासून पाच काउंट्यांत वर्षभर प्रयोग चालला. त्यांत ग्रँड रॅपिड्सची केंट काउंटीही होती. एकूण ९२ चालक तपासले गेले.

तपासणी दिसायला सोपी आहे. शोषक बोळा असलेली काडी गालाच्या आतून आणि जिभेवरून फिरवायची. बोळा लाळेने पुरेसा भिजला की काडीवरची खूण निळी होते. मग ती काडी हातात मावणाऱ्या यंत्रात घालायची. पाचेक मिनिटांत गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, अँफेटामिन, मेथअँफेटामिन आणि झोपेच्या गोळ्यांचा एक गट, अशा सहा प्रकारांपुढे 'आहे' किंवा 'नाही' उमटतं. किती आहे, हे उमटत नाही.

उमटलं असतं तरी काम भागलं नसतं. दारू पाण्यात विरघळते, त्यामुळे श्वासातलं, रक्तातलं आणि मेंदूतलं तिचं प्रमाण एकमेकांशी बांधलेलं असतं. गांजातलं टीएचसी चरबीत विरघळतं. ओढल्यावर ते रक्तात झरकन चढतं आणि झरकन उतरतं, पण अंमल मागे रेंगाळतो. लाळेत सापडतं ते मुख्यतः धुराबरोबर तोंडाला चिकटलेलं. त्यावरून अलीकडे गांजा ओढला असावा हे कळतं, पण गाडी हाकण्याची ताकद किती उरली आहे हे कळत नाही.

ग्रँड रॅपिड्ससारखी मोजणी अमली पदार्थांसाठीही झाली. व्हर्जिनिया बीचला वीस महिने ३ हजारांवर अपघातग्रस्त आणि ६ हजार इतर चालक तपासले गेले, तेही लाळ घेऊन. २०१५मध्ये निष्कर्ष आले. ०.०८ दारूला अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला. टीएचसी सापडलेल्यांचा धोका वरवर वाढलेला दिसला, पण वय, लिंग आणि सोबतची दारू यांचा हिशेब धरल्यावर ती वाढ ठाम उरली नाही. याचा अर्थ गांजा ओढून गाडी चालवणं निर्धोक आहे असा मुळीच नाही. नुसतं 'सापडलं' हे माप त्या धोक्याला पुरं पडत नाही, एवढाच आहे.

मिशिगनने २०१८मध्ये मतदानाने गांजा कायदेशीर केला. त्यानंतर नेमक्या याच प्रश्नावरच्या राज्य आयोगाने २०१९मध्ये टीएचसीची आकड्यातली मर्यादा ठरवू नये, अशी शिफारस केली. मला ती पटते. आपल्या मोटार वाहन कायद्याचं १८५वं कलमही असंच आहे. दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची सीमा, आणि अमली पदार्थांसाठी मात्र गाडीवर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल, अशी शब्दांतली कसोटी. ती सिद्ध करायला पोलिसांना जास्त घाम गाळावा लागतो. लाळेची काडी त्यांना कुठे पाहायचं ते दाखवू शकते. चालकाचे हातपाय, डोळे आणि भान तपासायचं काम तरीही त्यांनाच करावं लागणार.