सुरिमोनो : गणिकाचित्रे

सुरिमोनो हा जपानी काष्ठमुद्राचित्रांचा खाजगी प्रकार. एदो (आजचे टोकियो) येथील हौशी कविमंडळे ही चित्रे पदरच्या पैशाने छापवून घेत आणि प्रामुख्याने नववर्षाला आपसांत वाटत. ती दुकानात विकली जात नसत. त्यामुळे 1790 नंतर बाजारातील चित्रांना सक्तीचा झालेला तपासनिसाचा शिक्का त्यांना लागत नसे.

या प्रथेला बहर आणणारी महत्त्वाची घटना 1765 ची. जपानी चांद्र पंचांगात 30 आणि 29 दिवसांच्या महिन्यांचा क्रम दरवर्षी बदले, मात्र पंचांग छापण्याचा परवाना मोजक्यांनाच होता. रसिकांनी यातून पळवाट काढली आणि महिन्यांचे आकडे चित्रातील स्त्रीच्या वस्त्रांच्या नक्षीत दडवले. सुझुकी हारुनोबु याने अशी अनेक चित्रे काढली. त्यांतल्या काहींवर चित्रकाराऐवजी क्योसेन या आश्रयदात्याचेच नाव आहे. खर्चाला हात आखडता न घेतल्याने याच चित्रांतून बहुरंगी छपाई पुढे आली.

योशिवारा या परवानाप्राप्त वेश्यावस्तीतील गणिका बाजारातील चित्रांतही असे, पण तिथे तिचे आणि तिच्या घराचे नाव ठळक छापलेले. म्हणजे ती निम्मी जाहिरातच. सुरिमोनोत ती काव्यकल्पना होऊन येते. शेजारी 31 मात्रांची क्योका ही विनोदी कविता असते. एगुचीची गणिका हा एक आवडता विषय. नो या जपानी नाट्यप्रकारातील कथेनुसार ती मुळात फुगेन, म्हणजे संस्कृत परंपरेतील समंतभद्र बोधिसत्त्व. म्हणून चित्रकार तिला पांढऱ्या हत्तीवर बसवतात. योशिवारातील बहुतेक स्त्रिया बालवयातच कर्जापोटी विकल्या गेलेल्या असत. या देखण्या कागदांवर त्याचा मागमूसही सहसा दिसत नाही.

छपाईत मात्र कसलीच कसर नसे. जाड, मऊ होशो कागद ओलावून शाई न लावलेल्या ठशावर दाबत. पांढऱ्या वस्त्रावरची ती उठावाची नक्षी समोरून जवळजवळ दिसत नाही. कागद तिरपा धरला की ओबीच्या (कमरपट्ट्याच्या) पुढे बांधलेल्या गाठीवरचा विणीचा पोत उमटतो. सोन्या-चांदीच्या झळाळीसाठी पितळ, कथील यांची पूड वापरत. सुमारे 21 × 18 सेंमी. हा चौकोनी आकार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. कुबो शुन्मान, होकुसाई, तोतोया होक्केई आणि याशिमा गाकुतेई हे यातले नामवंत.

1842 मध्ये शोगुन सरकारच्या तेन्पो सुधारणांखाली गणिका व नटांच्या चित्रविक्रीवर बंदी आली. त्याच सुमारास सुरिमोनोचीही भरभराट ओसरली. मेइजी काळात (1868–1912) पाश्चात्त्य संग्राहकांची मागणी पाहून जुन्या चौकोनी चित्रांच्या हुबेहूब नकला नव्या ठशांवरून निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच अस्सल म्हणून खपल्या. डब्लिनचे चेस्टर बीटी ग्रंथालय आणि झुरिकचे रीटबर्ग संग्रहालय येथे सुरिमोनोंचे महत्त्वाचे संग्रह आहेत.