आजचा गुण, उद्याचा गुण

बेसबॉलच्या स्काउटच्या, म्हणजे गुणी खेळाडू हेरणाऱ्याच्या, अहवालात प्रत्येक कौशल्यापुढे दोन रकाने असतात: एक आजचा, एक उद्याचा. फलंदाजीतलं सातत्य, फटक्यातली ताकद, पळण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक या पाच गोष्टींना २० ते ८० च्या मापात गुण द्यायचे. ५० म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च, मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. त्या दिवशी समोर कोण खेळत होतं, याला या मापात जागा नाही. शाळकरी पोराच्या फटक्याला आज ३० आणि उद्या ६० असे गुण पडू शकतात. त्याला घ्यायचं की नाही, हे दुसऱ्या रकान्यावर ठरतं.

हे माप रूढ करण्याचं श्रेय सहसा ब्रँच रिकी यांना दिलं जातं. १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स या संघाकडे तयार खेळाडू विकत घेण्याइतका पैसा नव्हता. त्या संघाचा कारभार पाहणाऱ्या रिकींनी छोटे क्लब हाताशी धरले, कच्ची पोरं हेरली आणि तिथे घडवली. १९२६ मध्ये कार्डिनल्सनी वर्ल्ड सीरिज जिंकली. १९६५ मध्ये मेजर लीगमध्ये नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने करायची निवड, सुरू झाला. तोवर स्काउटने मुलाच्या घरी जाऊन करारावर सही घेतली की काम झालं. आता कोणाचं नाव आधी घ्यायचं हे ठरवायचं, तर शेकडो मुलं एकाच मापात बसवणं भाग होतं. १९७४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी पोलिसांची गाड्यांचा वेग मोजणारी रडार गन चेंडूवर रोखली. फेकीचा वेग तेव्हापासून अंदाजाचा विषय राहिला नाही. उद्याचा रकाना मात्र कोणतंही यंत्र भरू शकलं नाही.

आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानांवर पारखी कमी नव्हते, पण त्यांची पारख बोलण्यात राहायची. कागदावर उरायचा तो धावफलक. रणजी संघांच्या पलीकडचा, लहान गावातला मुलगा त्यात सापडणं कठीण. ज्येष्ठ क्रीडा पत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून २००२ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने गुणवत्ता शोधासाठी स्वतंत्र विभाग काढला. दिलीप वेंगसरकर त्याचे प्रमुख झाले. जुन्याजाणत्या क्रिकेटपटूंनी दूरदूरचे सामने पाहायचे आणि अहवाल लिहायचे, अशी ही रचना. २००३ मध्ये बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार जमशेदपूरला झारखंडचा सामना पाहत होते. त्यांनी एका यष्टिरक्षकाबद्दल राष्ट्रीय क्रिकेट अकादमीला कळवलं. योजना १९ वर्षांपर्यंतच्या मुलांची होती आणि महेंद्रसिंग धोनीने ते वय ओलांडलं होतं; तरीही त्याचा विचार झाला. डिसेंबर २००४ मध्ये तो भारताकडून खेळला.

सिंगापूरमध्ये छोट्या ठिकाणच्या खेळाडूची पारख करण्याचा हाच पेच निराळ्या रूपात आला. १ जानेवारी २०१९ पासून आयसीसीच्या सर्व सदस्य देशांच्या पुरुष संघांच्या टी-ट्वेंटी सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आणि छोट्या देशांचे आकडे जगाच्या नोंदीत आले. १९९६ मध्ये सिंगापुरात जन्मलेला आणि पर्थमध्ये वाढलेला टिम डेव्हिड त्याच वर्षी सिंगापूरकडून खेळू लागला. सप्टेंबरमध्ये सिंगापूरने झिंबाब्वेला ४ धावांनी हरवलं. डेव्हिडने २४ चेंडूंत ४१ धावा केल्या. सिंगापूरकडून एकूण १४ सामन्यांत त्याच्या ५५८ धावा झाल्या.

हा पहिला रकाना झाला. पण त्यातल्या बऱ्याच धावा दुबळ्या गोलंदाजीवरच्या. स्काउटला पाहायचं होतं ते वेगळंच: ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूवर बॅट वेळेत येईल का, यॉर्कर चुकला तर तो सीमापार जाईल का. बिग बॅश आणि इतर लीगांनी त्याची उत्तरं दिली. २०२१ मध्ये आयपीएलमधल्या बंगळूरुच्या संघाने त्याला घेतलं. या स्पर्धेत आलेला तो सिंगापूरचा पहिला आंतरराष्ट्रीय खेळाडू. २०२२ च्या लिलावात मुंबई इंडियन्सने त्याच्यासाठी ८.२५ कोटी रुपये मोजले. म्हणजे मोल झालं ते ५५८ धावांचं नव्हे, त्या कुठवर टिकतील या अंदाजाचं.

या अंदाजाची झळ कोणाला लागते, हेही या कुळकथेत आहे. रिकींच्या छोट्या क्लबांत खेळाडू अडकवून ठेवले जातात, या आरोपावरून १९३८ मध्ये बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी कार्डिनल्सच्या सत्तरहून अधिक खेळाडूंना मोकळं केलं. सिंगापूरच्या बाबतीत अडवणारं कोणी नव्हतं, पण थांबवून ठेवायला काही नव्हतंही. सप्टेंबर २०२२ मध्ये डेव्हिड मोहालीत भारताविरुद्ध उतरला तो ऑस्ट्रेलियाकडून. स्काउट खेळाडूला मोठं मैदान मिळवून देतो; ज्या छोट्या मैदानावर तो पहिल्यांदा दिसला, त्याच्या हिशेबासाठी अहवालात तिसरा रकाना अजून कोणी आखलेला नाही.