मधुमेह-सूचक श्वान : मुलाच्या घरातले गंधखेळ

रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली की ते वासावरून ओळखून माणसाला सावध करणारा कुत्रा म्हणजे मधुमेह-सूचक श्वान. काही कुत्र्यांना साखर फार चढल्याची सूचना द्यायलाही शिकवतात. हे शिक्षण छोट्या छोट्या शोधखेळांतून होते. टाइप-१ मधुमेह असलेल्या लहान मुलासाठी कुत्रा तयार करताना हे खेळ कसे खेळतात आणि ते चोख का असावे लागतात, याचा विचार येथे केला आहे.

टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, आणि मुलाला आयुष्यभर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागते. इन्सुलिनची मात्रा, जेवण आणि धावपळ यांचा मेळ चुकला की साखर घसरते. डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली ती कमी समजतात, ५४ च्या खाली गंभीर. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर झटके व बेशुद्धी, असा हा उतार असतो. मोठ्या माणसाला तो बहुधा जाणवतो. चार वर्षांच्या मुलाला आपल्याला काय होते आहे हे सांगता येत नाही, आणि गाढ झोपेत तर ते त्याला कळतही नाही. म्हणून अनेक आईवडील रात्री-अपरात्री उठून मुलाचे बोट टोचतात. कुत्र्याची ओढ या घरांना का वाटते, ते या रात्री पाहिल्याशिवाय समजणार नाही.

कुत्र्यांचे हे कौशल्य आधी घरांतच लक्षात आले. २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा तीन पाळीव कुत्र्यांची हकीकत छापून आली, कुणीही न शिकवता ते मालकिणीची साखर उतरल्याचे ओळखत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मधुमेह असलेल्या २१२ कुत्रापालकांपैकी १३८ जणांनी आपला कुत्रा अशा वेळी वेगळा वागतो असे सांगितले. पद्धतशीर प्रशिक्षणाची सुरुवात कॅलिफोर्नियात मार्क रूफेनाख्ट या न्यायवैज्ञानिकाने केली. त्याला स्वतःला टाइप-१ मधुमेह होता, आणि त्याने तयार केलेला आर्मस्ट्राँग हा लॅब्रॅडॉर या क्षेत्रातल्या पहिल्या प्रशिक्षित कुत्र्यांपैकी एक. ब्रिटनमध्ये क्लेअर गेस्ट यांच्या पुढाकाराने २००८ साली स्थापन झालेल्या ‘मेडिकल डिटेक्शन डॉग्ज’ या संस्थेनेही असे कुत्रे तयार केले.

कुत्रा नेमके काय हुंगतो? २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी टाइप-१ मधुमेह असलेल्या आठ स्त्रियांची साखर देखरेखीखाली उतरवली, तेव्हा त्यांच्या उच्छ्वासातले आयसोप्रीन हे द्रव्य लक्षणीय वाढलेले आढळले. कुत्रा याच द्रव्यावर विसंबतो, असे मात्र त्यावरून सिद्ध झालेले नाही. श्वास आणि घाम यांतल्या अनेक द्रव्यांचे मिश्रणही त्याला खुणावत असेल.

खेळाचे सामान म्हणजे नमुने. मुलाची साखर आपसूक उतरलेली असताना कापसाचा बोळा किंवा गॉझचा तुकडा तोंडात धरायला देतात अथवा मानेवरचा घाम टिपतात. मग तो हवाबंद पिशवीत घालून, तारीख, वेळ आणि ग्लुकोमीटरचा आकडा लिहून फ्रीझरमध्ये ठेवतात. मुलावरचा उपचार आधी, नमुना नंतर किंवा सोबतीने. नमुन्यासाठी उपचार एक मिनिटही लांबवायचा नसतो, आणि साखर मुद्दाम उतरवणे तर कधीच नाही. नुकतेच काही, उपचाराचे ग्लुकोजही धरून, खाल्लेले असेल तर लाळेचा नमुना टाकाऊ, तेव्हा घामच टिपायचा. तितकेच महत्त्वाचे म्हणजे त्याच मुलाचे, साखर ठीक असतानाचे नमुने, तशाच गॉझवर, तशाच पिशवीत, त्याच फ्रीझरमध्ये. घाईत नेमके हेच राहून जाते, आणि मग कुत्रा साखरेचा वास न शिकता गॉझचा, प्लॅस्टिकचा किंवा नुसता मुलाचा वास शिकून बसतो.

पहिला खेळ दोन मुठींचा. एका मुठीत नमुना ठेवलेली, भोके पाडलेली डबी, दुसरीत रिकामी. कुत्र्याचे नाक बरोबर मुठीशी आले की त्याच क्षणी क्लिकर या टिक वाजणाऱ्या छोट्या साधनाचा आवाज आणि खाऊ. वास आणि आनंद यांची गाठ पक्की झाली की डब्यांची रांग मांडतात: एकीत उतरलेल्या साखरेचा नमुना, एकीत ठीक साखरेचा, एकीत कोरे गॉझ, एकीत लक्ष विचलित करणारे काहीतरी, उदाहरणार्थ चीजचा तुकडा. जागा प्रत्येक वेळी बदलायची आणि डब्या धुऊन घ्यायच्या. बैठक काही मिनिटांचीच. कुत्र्याला आणखी खेळावेसे वाटत असतानाच थांबणे उत्तम. पुढे डबी खोलीत लपते, मग माणसाच्या खिशात, मोज्यात, कॉलरखाली. वास डबीतून अंगावर येतो तो हा टप्पा निर्णायक ठरतो, कारण डब्यांच्या रांगेत हुशार ठरलेला कुत्रा जिवंत मुलापाशी गोंधळू शकतो.

वास ओळखला तरी तो सांगितला पाहिजे. नाकाने ढोसणे, गुडघ्यावर पंजा ठेवणे किंवा गळपट्ट्याला लटकवलेली कापडी दांडी तोंडात धरून आणणे, यांतली एकच खूण निवडतात आणि माणूस दाद देईपर्यंत ती सोडायची नाही असे शिकवतात. मुलासाठीच्या कुत्र्याला याहून एक पायरी जास्त शिकावी लागते. मूल झोपलेले असेल तर त्याला ढोसून उपयोग नाही, दुसऱ्या खोलीतल्या आईला किंवा बाबांना उठवले पाहिजे. त्यासाठी एक पालक मुलापाशी नमुना घेऊन बसतो, दुसरा शेजारच्या खोलीत खाऊ घेऊन. कुत्रा वास घेऊन धावत दुसऱ्याकडे जातो आणि तिथे त्याचे कौतुक होते. हाच खेळ दिवे मालवून, पांघरुणात, पहाटे खेळावा लागतो. बैठकीच्या खोलीत संध्याकाळीच सराव झाला, तर रात्री तीन वाजता कुत्र्याने आपले काम ओळखावे अशी अपेक्षा करता येत नाही.

मुलाचा वाटा जपून ठरवावा. नमुन्याला त्याने हात लावू नये, कारण ठीक साखरेच्या हाताचा वास त्यात मिसळतो. पण खाऊ देणे, लपाछपीत स्वतः लपणे, कुत्रा तोंडाशी येऊन हुंगून गेला की शाबासकी देणे ही कामे त्याची, आणि ती त्याला मनापासून आवडतात. दिवसभर सुया आणि आकडे सोसणारे मूल या खेळात रुग्ण नसते, कुत्र्याचा जोडीदार असते. मला या प्रशिक्षणातली ही बाजू आकड्यांइतकीच मोलाची वाटते. खरी सूचना आली की मात्र जबाबदारी मोठ्यांची: आधी मोजणे, मग ग्लुकोज (सर्वसाधारणपणे १५ ग्रॅम, लहानग्यांना कमी), १५ मिनिटांनी पुन्हा मोजणे. झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य घातलेल्या गोळ्या कुत्र्याला विषारी असतात, त्या घरात नकोत.

सर्वांत मोठा धोका नकळत होणाऱ्या इशाऱ्याचा. बर्लिनचा क्लेव्हर हान्स हा घोडा गणिते सोडवतो अशी ख्याती होती. प्रश्न विचारणाऱ्याच्या सूक्ष्म हालचाली वाचून तो उत्तर देतो हे १९०७ मध्ये उघड झाले. बरोबर डबी ठाऊक असलेल्या आईचा श्वास क्षणभर थांबला तरी कुत्र्याला ते पुरते. म्हणून डब्या एकाने मांडायच्या आणि कुत्र्याला दुसऱ्याने, काही न जाणता, फिरवायचे. काही फेऱ्यांत नमुना ठेवायचाच नाही, म्हणजे ‘इथे काही नाही’ हेही कुत्रा निर्धास्तपणे सांगायला शिकतो.

संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१३ मधल्या एका छोट्या प्रयोगात तीन प्रशिक्षित कुत्र्यांना त्वचेवरून टिपलेले नमुने जवळजवळ ओळखताच आले नाहीत. २०१७ मध्ये आठ कुत्र्यांच्या सूचना साखर सतत मोजणाऱ्या, अंगावरच्या सेन्सरच्या नोंदींशी ताडल्या, तेव्हा साखर उतरल्याचे सुमारे ३६ टक्के प्रसंगच त्यांनी टिपले आणि बहुतेक सूचना फोल निघाल्या. उलट २०१९ च्या ब्रिटिश अभ्यासात २७ कुत्र्यांनी साखर उतरल्याचे मध्यकाच्या (मीडियन) हिशेबाने ८३ टक्के प्रसंग ओळखले, पण कुत्र्या-कुत्र्यांत फरक मोठा होता. त्यामुळे सेन्सर आणि ग्लुकोमीटर यांची जागा कुत्रा घेऊ शकत नाही. तो गप्प आहे म्हणून साखर ठीक आहे असेही मानता येत नाही. पूर्ण प्रशिक्षित म्हणून मोठ्या किमतीला विकलेले कुत्रे तसे नसल्याच्या आरोपावरून व्हर्जिनिया राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २०१८ मध्ये एका विक्रेत्यावर खटला भरला होता.

घरी आलेल्या कुत्र्याचा सराव थांबत नाही. ताजे नमुने घेऊन डब्यांची रांग अधूनमधून मांडावी लागते, आणि प्रत्येक सूचनेची वेळ व त्या वेळचा आकडा वहीत लिहावा लागतो, सूचना चुकली असेल तेव्हाही. २०१९ चा अभ्यास कुटुंबांनी ठेवलेल्या अशाच नोंदींवर उभा होता.