चेतापुटिका
चेतापेशीच्या अक्षतंतूच्या टोकाशी चेतापारेषक रसायने साठवणारी, पटलाने वेढलेली सूक्ष्म पिशवी. व्यास साधारण ४० नॅनोमीटर. पुटिकेच्या पटलातील पंप एटीपी खर्चून हायड्रोजन आयन आत ढकलतो. त्यातून साठलेल्या विद्युत्-रासायनिक बळावर वाहक प्रथिने अ‍ॅसिटिलकोलीन, ग्लुटामेट यांसारखे रेणू आत भरतात. एका पुटिकेत असे काही हजार रेणू मावतात.

विद्युत् संदेश टोकाला पोहोचला की कॅल्शियमची द्वारे उघडतात. आत आलेले कॅल्शियम सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाला जडते. त्यासरशी पुटिकेवरची आणि पेशीपटलावरची स्नेअर प्रथिने वेणीसारखी गुंफली जाऊन दोन्ही पटले एकजीव होतात व रसायन समोरच्या पेशीलगतच्या फटीत सांडते. हे सारे एका मिलिसेकंदाच्या आत घडू शकते. रिकामे पटल पेशी परत आत ओढून घेते आणि नव्या पुटिकांसाठी वापरते.

पारेषक सलग धारेने नव्हे, ठरावीक पुड्यांनी सुटतो, हे बर्नार्ड कॅट्झ व सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात बेडकाच्या स्नायूवर दाखवले. कॅट्झ १९७०च्या नोबेलचे एक मानकरी. पुटिका-वाहतुकीच्या यंत्रणेसाठी रॉथमन, शेकमन आणि स्यूडहोफ यांना २०१३चे नोबेल मिळाले.

बोट्युलिनम विष स्नेअर प्रथिने कापते. स्नायूंना आज्ञाच मिळत नाही, ते लुळे पडतात. (सुरकुत्या घालवण्याच्या सुया याच विषाच्या.) धनुर्वाताचे विषही तीच प्रथिने कापते, पण मज्जारज्जूतील लगाम घालणाऱ्या चेतापेशींमध्ये. म्हणून धनुर्वातात स्नायू सैल न पडता ताठरतात आणि शरीर धनुष्यासारखे वाकते.